दोन जिवांची गाडी

आमच्या सोसायटीतले खालकर काका गाड्यांचा वास घेतात.

हे मी मुद्दाम इतकं सरळ सांगते आहे, कारण आडवळणाने सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं मी काहीतरी अलंकारिक बोलते आहे. तसं काही नाही. पार्किंगमध्ये नवी गाडी लागली की काका तिच्या मागच्या बाजूला जातात, गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश वाकतात, सायलेन्सरच्या नळीपाशी नाक नेतात आणि डोळे मिटून श्वास ओढतात. मग उठून मालकाला विचारतात, "आत बसल्यावर येतो का हा वास?" मालक गोंधळून काहीतरी उत्तर देतो. ते ऐकून घेतात आणि निकाल देतात. निकाल बहुतेक वेळा एकच असतो. "रिजेक्ट."

नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात ते क्वालिटी विभागात होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण त्यांच्या लेखी जगात आजही दोनच जातींच्या वस्तू आहेत, पास आणि रिजेक्ट. कोपऱ्यावरची मिसळ रिजेक्ट. सोसायटीचा नवा रंग रिजेक्ट. सोसायटीचे चेअरमन तर हप्त्याहप्त्याने रिजेक्ट होत असतात. "पास" हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणं म्हणजे आमच्याकडे मोठा मान समजला जातो.

आम्ही इंदिरानगरला राहायला आलो तेव्हाची गोष्ट. पहिल्याच रविवारी मी खाली उतरले तर माझ्या जुन्या पेट्रोल गाडीमागे एक उंच, सडपातळ गृहस्थ ओणवे झालेले. मला वाटलं, यांना भोवळ आली. मी धावत वर जाऊन तांब्याभर पाणी आणलं. त्यांनी ते शांतपणे सगळं पिऊन टाकलं, तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाणी पास. गाडी रिजेक्ट. मी अशोक खालकर, तळमजला."

त्यानंतर पेट्रोल महागत गेलं आणि काकांचे दिवस आले. आमच्या भागात पूर्वी माणसं भेटली की जागेचे भाव बोलायची. आता जॉगिंग ट्रॅकवर, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे एकच विषय निघतो. हायब्रीड घ्यावी का? कुणाचा जावई घेतोय, कुणाच्या साहेबांनी बुक केली आहे, कुणी व्हिडिओ बघून बघून पार हैराण झालं आहे. आणि मग कुणीतरी म्हणतं, खालकरांना विचारा. संध्याकाळी गेटपाशी काका बाकावर बसतात आणि आजूबाजूच्या इमारतींतून लोक सल्ल्याला येतात.

"काका, हायब्रीड घ्यावी म्हणतो."

"थांबा. कुठली? साधी की वायरची?"

इथे समोरचा माणूस गप्प होतो, कारण त्याला वायरची नावाची काही भानगड असते हेच ठाऊक नसतं. मग काका सरकून त्याला बाकावर जागा करून देतात. त्यांचं सांगणं मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला पाठ झालं आहे. "साधी हायब्रीड म्हणजे घरजावई. हातभार लावते, पण जेवते पेट्रोलच्याच ताटात. वायरची, म्हणजे प्लग-इन, तिचं तसं नाही. ती रात्री घरच्या सॉकेटवर स्वतःचं जेवण करून घेते. दिवसभर विजेवर गावात हिंडते. पेट्रोलचा थेंब नाही, आवाज नाही, वास नाही. आणि लांब जायचं झालं, वीज संपली, तर पेट्रोलचं इंजिन आपणहून जागं होतं. त्याला कुणी हाक मारावी लागत नाही." एवढं बोलून ते थांबतात. आवाज खाली आणतात, देवळात आणतो तसा. "दोन जिवांची आहे ती."

दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजींनी एकदा जिन्यातून एवढंच वाक्य ऐकलं. संध्याकाळी त्या डिंकाचे लाडू घेऊन माझ्या दारात. "मेधा, खालकरांकडे कोण गं दोन जिवांची? ते तर एकटेच राहतात ना?" मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, क्षणभर विचार केला आणि लाडू मात्र खाली काकांनाच नेऊन दिले.

गंगापूर रोडच्या मैदानावर एकदा गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. काका सकाळीच तिथे पोचले. दुपारी मी गेले तेव्हा एका तंबूत ही गर्दी, आणि मध्ये काका. लोक त्यांना कंपनीचे मोठे साहेब समजत होते. खरा विक्रेता, टाय लावलेला बिचारा पोरगेला माणूस, कोपऱ्यात हात बांधून उभा. मला वाटलं, तोही भारावून ऐकतोय. जवळ गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, हे तुमचे का? यांना जरा जेवायला घेऊन जाता? सकाळपासून इथे एकसुद्धा बुकिंग झालेलं नाही. यांचं ऐकून सगळे म्हणतात, मग आम्ही प्लग-इन स्वस्त होईपर्यंत थांबतो."

एवढं असून काकांकडे स्वतःची गाडी नव्हती. गावात सायकल आणि सिटी बस, रविवारी सायखेड्याला एसटी. तिथे त्यांचं गाव, एवढंच मला माहीत होतं. प्लग-इन गाड्या आपल्याकडे मोजक्याच, आणि त्याही बंगलेवाल्यांच्या. मी एकदा म्हटलं, "काका, मग पूर्ण विजेची घ्या. तिलाही वास नसतो."

"बॅकअप नाही. वाटेत बंद पडली तर?"

"सायखेड्याला जाऊन येऊन, पुन्हा जाऊन येईल हो ती."

"मेधाताई, मी आयुष्यभर क्वालिटीत काम केलं. जिथे दुसरा उपाय नाही तिथे मी सही करत नाही."

मग नितीनने गाडी घेतली. नितीन माझा मावसभाऊ. द्राक्षं परदेशी पाठवतो, चार शब्द बोलतो आणि त्यातले तीन फोनवर. मुंबईहून त्याने एक मोठी पांढरी गाडी वापरलेली विकत आणली आणि दाखवायला आमच्याकडे आला. मागच्या दारावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मी ते वाचायच्या आत काका तळमजल्यावरून चपला न घालता बाहेर आले होते.

त्यांनी वास घेतला नाही. नुसते उभे राहिले. मग पुढच्या चाकाच्या वर जे छोटं झाकण होतं त्याला एक बोट लावलं.

"वायरची आहे," ते म्हणाले.

"हो का?" नितीन म्हणाला. "डीलर काहीतरी सांगत होता."

"चार्ज कुठे करता?"

"नाही करत. पेट्रोलवर चालते की मस्त."

काकांनी डिकी उघडायला लावली. चार्जिंगची केबल कारखान्यातून आली तशी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला सील, आधीच्या मालकानेही न फोडलेलं. काका त्या पिशवीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पाहून मला नितीनला मागे ओढावंसं वाटलं. पण ते रागावले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "दोन जिवांतला एक जीव तुम्ही उपाशी ठेवलाय हो."

नितीन तसा मनाने मोकळा. त्याला पुढच्या आठवड्यात हॉलंडला जायचं होतं. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. "मी येईपर्यंत तुझ्याकडे राहू दे. काय खायला घालायचं ते यांना घालू दे."

त्या दुपारी काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर आली आणि गाडीला लागली. झाकणापाशी हिरवा दिवा संथपणे उघडझाप करू लागला. काकांनी खुर्ची आणली आणि सलाईन लावलेल्या माणसाशेजारी बसावं तसे ते गाडीशेजारी बसून राहिले. येणारेजाणारे थांबून बघत होते. कुणी काही विचारलं की काका ओठांवर बोट ठेवायचे.

संध्याकाळी आम्ही पहिली फेरी मारली, मी चालवायला आणि ते शेजारी. बटण दाबलं, काही झालं नाही. मला वाटलं, बंद पडली. काका म्हणाले, "चालू आहे. सोडा." मी ब्रेक सोडला आणि ती एवढी थोरली गाडी पाण्यावरून होडी निघावी तशी निघाली. गेटमध्ये झोपलेलं कुत्रं आम्ही त्याच्या बाजूने गेलो तरी उठलं नाही. ज्या माणसाला मी कधी गप्प बघितलं नव्हतं, तो गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. चढाला मी पाय जरा जास्त दाबला, तेव्हा कुठेतरी खोल, दूरच्या खोलीत कुणीतरी कूस बदलावी तसा एक बारीकसा थरार आला. काकांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला. "आला," ते म्हणाले. "दुसरा जीव जागा झाला." उतारावर मी पाय काढला की गाडी स्वतःला मागे ओढून धरायची आणि पडद्यावर वीज परत बॅटरीत जाताना दिसायची. काकांनी याला स्वतःचं नाव ठेवलं होतं, वसुली. "बघा मेधाताई, ब्रेकमध्ये जी ताकद वाया जाते ती ही गोळा करून घेते. कणभर वाया घालवत नाही. माणसाला जमतं का हे?" मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"पास?" मी विचारलं.

त्यांनी नुसती मान डोलावली. परत आल्यावर मात्र गाडीतून उतरेनात. मांडीवर हात ठेवून म्हणाले, "मेधाताई, एक काम आहे. माझ्या अक्काला गाडी लागते."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जसं एखादं मोठं दुखणं सांगावं. आणि मग पुढचं कळल्यावर ते तसंच होतं हे मला पटलं. अक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, अक्काने यांना वाढवलं. तिचं लग्न झालं होतं, पण दोन-चार वर्षांत ती माहेरी परत आली ती कायमची. यांना शाळेत घातलं, नाशिकला शिकायला पाठवलं. आणि स्वतः कधी नाशिकला आली नाही, कारण गाडीत बसली की तिचे हाल होतात. डिझेलचा वास आला की संपलं. काकांच्या घराच्या वास्तुशांतीला ती जीपमधून निघाली होती. चांदोरीपर्यंत आली आणि इतकी आजारी पडली की तिथूनच तिला परत न्यावं लागलं. हे घर तिने अजून बघितलेलं नाही. आता तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आहे. कडांनी अंधार आला आहे, आणि डॉक्टर म्हणतात की गेलेलं परत येणार नाही.

"म्हणजे तुम्ही हे इतकी वर्षं गाड्यांचे वास..."

"दुसरं काय करणार होतो?" काका म्हणाले.

बेत त्यांनीच आखला. जाताना पेट्रोलवर जायचं आणि वीज राखून ठेवायची, तशी सोय गाडीत होती. येताना अक्का असताना सगळा रस्ता विजेवर. न आवाज, न वास, न थरथर. आणि काही झालंच तर इंजिन आहेच. या बेताकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की ही गाडी नेमकी कुणासाठी बनवली आहे.

सायखेड्याला गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाजवळ त्यांचं घर. अक्का अंगणात तयार होऊन बसली होती. एवढीशी, वाळलेली, पण ताठ. हातात लिंबू आणि पदराला खोचलेली एक प्लास्टिकची पिशवी. "ही ताई चालवणार हाय?" तिने मान तिरकी करून मला तिच्या उरलेल्या नजरेत पकडलं. "बरं हाय. बायामाणसं दमानं चालवतात." मागच्या सीटवर काकांशेजारी बसताना तिने देवाचं नाव घेतलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. पूल ओलांडून आम्ही पलीकडे गेलो तरी ते मिटलेलेच.

"अशोक, निघायचं का मंग?"

"अक्का, आपण चांदोरीला आलो."

तिने डोळे उघडले. खिडकीकडे वळली. "आवाज नाय रे."

"नाय," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात नकळत गाव आलं होतं. "वास हाय का?"

"लिंबाचा हाय."

काकांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मला आरशात त्यांचा फक्त कान दिसत होता, तोही लाल झालेला.

लाखलगावच्या पुढे मात्र रस्त्यात कांद्याचे ट्रॅक्टर होते, मी सारखा पाय काढत होते, पुन्हा देत होते. अक्काने लिंबू नाकाशी धरलं. "अशोक, ही गाडी मधीमधी मागं ओढती का रे? पोटात वढल्यावानी होतंय."

मी पडद्याकडे पाहिलं. वसुली. प्रत्येक वेळी पाय काढला की गाडी वीज गोळा करत होती, आणि प्रत्येक वेळी अक्काचं पोट. काकांनाही ते त्याच क्षणी कळलं. ज्या गोष्टीचं त्यांना सगळ्यांत जास्त कौतुक, तीच.

"मेधाताई," ते म्हणाले, "वसुली बंद करा."

"काका, वीज पुरायची नाही मग घरापर्यंत."

"जाऊ द्या वाया."

मी बंद केली. गाडी सैल झाली, नुसती वाहत राहिली. थोड्या वेळाने अक्काने लिंबू मांडीवर ठेवलं. नांदूर नाका गेला. गंगेच्या पुलावर तिने विचारलं, "ही आपलीच का?" काका म्हणाले, "आपलीच. इथून तिकडं येते." "मंग ती बरी रोज येती," अक्का म्हणाली, "तिला नाय गाडी लागत."

द्वारका चौकाच्या गर्दीत वीज संपली. दूरच्या खोलीतलं ते माणूस जागं झालं, या वेळी जरा मोठ्याने. काका ताठ झाले आणि एकदम खोकायला लागले. मग खोकतच राहिले. मग माझ्याशी मोठमोठ्याने उड्डाणपुलाबद्दल बोलू लागले, मध्येच पुन्हा खोकले.

"अशोक," अक्का म्हणाली, "विंजन चालू झालंय ते कळतंय मला. डोळे गेले, कान हायेत."

"मळमळतंय का?"

"तू इचारलं की मळमळतं. गप बस."

अक्का खिडकीला कपाळ लावून, जे काही दिसत होतं ते बघत होती. मुंबई नाका, दुकानं, पाट्या, माणसं. इंदिरानगर आलं तेव्हा पदराची पिशवी तशीच कोरी होती.

आमच्या आणि काकांच्या घराची रचना सारखीच आहे, पण मी त्यांच्या हॉलच्या पलीकडे कधी गेले नव्हते. अक्काचा हात धरायला म्हणून त्या दिवशी गेले. तिला घर बघायचं होतं, आणि तिची बघण्याची पद्धत म्हणजे भिंतीवरून तळवा फिरवत जाणं. हॉल झाला. स्वयंपाकघरात तिने ओटा चाचपला, नळ सोडून बंद केला. काकांची खोली झाली. मग ती शेजारच्या खोलीच्या दारात थांबली.

आत एक कॉट होती, अगदी बुटकी. तिच्यावर गोधडी, घड्या न मोडलेली. पूर्वेची खिडकी, तिच्याजवळ बसायला पाट. भिंतीवर एक आरसा, पण इतका खाली लावलेला की त्यात काकांचा फक्त शर्ट दिसत होता. अक्का त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा बरोबर मधोमध आला.

"ही खोली कुणाची रे?" तिने विचारलं.

"तुझी."

"माझी? कवापासून?"

"घर घेतलं तवापासून."

अक्का कॉटवर बसली. तिचे पाय जमिनीला टेकले. तिने गोधडीवरून एकदा हात फिरवला, मग दुसऱ्यांदा, उलट्या बाजूने.

"मंग सांगायचं नाय का येड्या," ती म्हणाली. "ओकत ओकत आले असते."

काका खिडकी उघडायला गेले. खिडकी उघडीच होती, तरी ते आमच्याकडे पाठ करून तिथे कडीशी काहीतरी करत उभे राहिले. मी चपला घातल्या आणि बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं.